ओव्हनमधली दुरुस्ती

आम्ही विज्ञानाचे पदवीधर नव्हे. आमची शाळा कारखान्याच्या फाटकावर भरली. जे थोडेफार समजले ते कारागिरांना विचारून आणि उसनी पुस्तके वाचून. तेव्हा आज एका यंत्राची हकीकत सांगतो ती विद्वत्तेच्या बळावर नव्हे, एकदा फसल्याच्या अनुभवावर.

आमच्या कामगार पतपेढीच्या चिटणिसांचा लॅपटॉप एके दिवशी आंधळा झाला. पंखा फिरे, दिवा लागे. पण पडद्यावर आधी रंगीत पट्टे आणि मग काळोख. सभासदांची सारी खाती त्यातच! दुरुस्तीचा आकडा आमच्या शिलकेला झेपेना. कोणीतरी तोडगा सांगितला : यंत्र उघडा, मदरबोर्ड, म्हणजे सारे भाग जिच्यावर जडवलेले असतात ती पाटी, बाहेर काढा आणि घरच्या ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर सातआठ मिनिटे ठेवा. आम्ही तसे केले, आणि खरोखरच पडदा उजळला. पेढे वाटले. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा काळोख!

हे का झाले, ते पाहू. पडद्यावरचे चित्र उमटवणारी ग्राफिक्स चिप सिलिकॉनची असते. ती शेकडो बारीक डाखाच्या ठिपक्यांनी एका लहान पट्टीवर बसवलेली असते आणि ती पट्टी डाखाच्याच गोळ्यांनी मदरबोर्डवर. डाख म्हणजे कारखान्यात ज्याला सोल्डर म्हणतात तो. काम चालू असताना चिप तापते, यंत्र बंद केले की निवते. तापल्यावर सिलिकॉन थोडे फुगते, खालची पट्टी मात्र त्याच्या कित्येक पट. ही ओढाताण मधल्या डाखाला सोसावी लागते. एकच तार पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी तुटते. तसाच ह्या डाखाला एक दिवस तडा जातो.

मग ओव्हनने तडा सांधला का? हिशोब करून पाहा. कथील आणि शिसे ह्यांचा जुना ६३-३७ चा डाख १८३ अंशांना वितळतो. परंतु १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाच्या कायद्याने अशा मालातल्या शिशावर मर्यादा आली आणि बहुतेक कारखानदार कथील, चांदी व तांबे ह्यांच्या डाखाकडे वळले. तो वितळायला सुमारे २१७ अंश लागतात. चिपखालचे ठिपके तर कित्येकदा जास्त शिशाचे, ३०० अंशांच्या आसपास वितळणारे. म्हणजे आमच्या २०० अंशांत तिथले काहीच वितळले नसावे! उष्णतेने भाग फुगले, सरकले आणि तड्याच्या दोन कडा एकमेकींना टेकल्या, इतकेच. टेकणे वेगळे आणि सांधणे वेगळे. पुढे रोजचे तापणे-निवणे सुरू झाले आणि कडा पुन्हा दुरावल्या.

त्यातून धोका निराळाच. प्लास्टिकची जोडणी वितळते, काही भाग फुटतात, आणि वाफा ज्या ओव्हनमध्ये बसतात त्यातच दुसऱ्या दिवशी मुलांचे केक भाजायचे! आम्ही हे केले; तुम्ही करू नका. बॅटरी तर आगीजवळही नेऊ नये.

आमच्या यंत्राचा कारखानदार कोण, हा प्रश्न येथे नाही. पण जगजाहीर असे एक प्रकरण सांगण्याजोगे आहे. जुलै २००८ मध्ये अमेरिकेच्या एनव्हिडिया कंपनीने आपल्या लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या जडणघडणीतले साहित्य कमकुवत ठरल्याचे सांगून १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. पुढे तिथल्या ग्राहकांनी मिळून दावा लावला. २०१० साली तडजोड होऊन ठराविक यंत्रांच्या मालकांना दुरुस्ती, बदली यंत्र किंवा आधी झालेला खर्च मिळण्याची सोय झाली. जो तो आपापल्या स्वयंपाकघरात ओव्हन पेटवत बसला असता, तर हे घडले नसते.

संप चालू असता अंतरिम वाढ मिळाली तर ती घ्यावी, पण मागणीपत्र फाडून टाकू नये. यंत्र तात्पुरते जागे झाले तर त्या दिवसांत पहिले काम हिशोबाची नक्कल काढण्याचे. आम्ही पेढे खात बसलो!

शेवटी आमच्याच एका फिटरने स्क्रूड्रायव्हर घेऊन लॅपटॉपची हार्ड डिस्क काढली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली. सारी खाती जशीच्या तशी तिथे होती. चित्र काढणारी चिप निराळी आणि हिशोब साठवणारी डिस्क निराळी. आजारी पडली होती ती चिप. नव्या काही यंत्रांत साठवणही पाटीवरच जडवलेली असते, तेव्हा नक्कल आधीच काढून ठेवलेली बरी. त्या फिटरला आम्ही विचारले, "अरे, पहिल्याच दिवशी का नाही बोललास?" तो म्हणाला, "साहेब, तुम्ही विचारलंच नाहीत."