कॅटची तयारी : काय सोडवायचे, काय सोडायचे

कॉमन ॲडमिशन टेस्ट, म्हणजेच कॅट, ही भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या (आयआयएम) एमबीएसाठीची प्रवेश परीक्षा. नोव्हेंबर महिन्यातल्या एका रविवारी देशभर ती तीन सत्रांत होते. यजमानपद आयआयएम आळीपाळीने सांभाळतात. २०२४ साली ते कोलकात्याकडे होते, २०२५ साली कोझिकोडकडे. पदवीला ५० टक्के गुण (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के) एवढीच अट. शाखेचे बंधन नाही, वयाची मर्यादा नाही, किती वेळा बसायचे यावरही बंधन नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही अर्ज भरता येतो. दार असे सताड उघडे असल्याने गर्दीही तशीच. २०२४ साली सुमारे ३ लाख २९ हजार जणांनी नाव नोंदवले आणि त्यांतले सुमारे २ लाख ९३ हजार प्रत्यक्ष परीक्षेला बसले. आयआयएमखेरीज मुंबईचे एसपीजेआयएमआर, आयआयटी मुंबईचा व्यवस्थापन विभाग, दिल्लीचे एफएमएस अशा बऱ्याच संस्था कॅटचे गुण ग्राह्य धरतात.

२०१९पर्यंतची काही वर्षे हा पेपर तीन तासांचा आणि १०० प्रश्नांचा होता. करोनाच्या वर्षी तो दोन तासांवर आणला गेला आणि तसाच राहिला. २०२४ साली एकूण ६८ प्रश्न होते : इंग्रजी वाचन आणि भाषाज्ञानाचे २४, माहितीचे विश्लेषण व तर्काचे (डीआयएलआर) २२ आणि गणिताचे, म्हणजे क्वांटचे, २२. प्रत्येक विभागाला ४० मिनिटे. विभागांचा क्रम ठरलेला असतो आणि एकातला उरलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीला १ गुण वजा. मात्र पर्याय न देता उत्तर टाइप करायला लावणाऱ्या प्रश्नांना वजा गुण नाहीत. आकडेमोडीसाठी पडद्यावरच साधा कॅल्क्युलेटर असतो.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो आणि इथेच पालकांची गल्लत होते. ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी ९९ टक्के उमेदवार मागे राहिले, एवढाच त्याचा अर्थ. २०२४चा आकडा धरला तर पहिल्या साधारण २,९०० जणांत नंबर लागला असा हिशेब होतो. गेल्या काही वर्षांत या पर्सेंटाइलसाठी एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुणही पुरले आहेत. दहावी-बारावीला पेपर पूर्ण सोडवणे हेच हुशारीचे लक्षण मानण्याची सवय लागलेल्या मुलांना हे पचायला जड जाते. तयारीचा निम्मा भाग ही सवय मोडण्यातच जातो, आणि क्लासच्या जाहिरातींत नेमकी हीच गोष्ट नसते.

क्वांटच्या २२ प्रश्नांचे उदाहरण घेऊ. एका उमेदवाराने घाईघाईने १८ प्रश्न सोडवले. ९ बरोबर, ९ चूक. सगळे पर्यायी असतील तर त्याचे गुण २७ वजा ९, म्हणजे १८. दुसऱ्याने १२ प्रश्नांना हातच लावला नाही, उरलेल्या १० पैकी ८ बरोबर आणि २ चूक आले; त्याचे गुण २४ वजा २, म्हणजे २२. कमी सोडवणारा पुढे गेला. अंदाजपंचे उत्तराचाही हिशेब मांडून पाहावा. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तर चारांत एकदा ३ गुण मिळतात आणि तीनदा एकेक जातो, सरासरी शून्य. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर प्रत्येक अंदाजामागे सरासरी एक तृतीयांश गुण पदरात पडतो. टाइप करायच्या प्रश्नात गमावण्यासारखे काही नसल्याने ती चौकट मोकळी ठेवणे हा निव्वळ आळस.

क्वांटमधले बहुतेक गणित दहावीपर्यंतचे. शेकडेवारी, नफा-तोटा, गुणोत्तर-प्रमाण, काळ-काम-वेग, व्याज, मिश्रण हा शाळेतला अंकगणिताचा भाग या विभागात मोठा वाटा उचलतो. त्याखालोखाल बीजगणित, मग भूमिती, आणि थोडे लॉगॅरिदम व क्रमचय-संचय. अभियांत्रिकीची मुले इथे आघाडीवर असतात असा बोलबाला आहे, पण कलनाचा किंवा त्रिकोणमितीतल्या अवघड सूत्रांचा कॅटमध्ये फारसा उपयोग होत नाही. वाणिज्य किंवा कला शाखेच्या मुलाने तीन महिने अंकगणित आणि बीजगणित घासूनपुसून केले, तर हा विभाग त्याच्या आवाक्यात येतो. सुरुवात मात्र जुन्या शालेय पुस्तकांपासून करावी. थेट ‘शॉर्टकट’ पाठ करणाऱ्याला प्रश्न जरा फिरवून विचारला की धडकी भरते.

डीआयएलआरला पाठ्यक्रमच नाही. साधारण पाच संच असतात आणि प्रत्येकात चार-पाच प्रश्न. समजा, एका संचात सहा संघ आहेत आणि प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच खेळतो. जिंकल्यास २ गुण, बरोबरीत दोघांना एकेक. गुणतक्त्यातल्या काही जागा रिकाम्या आहेत. बहुतेक जण लगेच जर-तरच्या शक्यता मांडू लागतात. सरावलेला उमेदवार आधी मोजतो : सहा संघांचे एकूण सामने १५, प्रत्येक सामन्यात २ गुण वाटले जातात, म्हणजे सर्वांचे मिळून ३० गुण असलेच पाहिजेत. पाच संघांची बेरीज २६ असेल तर सहाव्याचे ४. अशी एक घट्ट गोष्ट हाती लागली की बाकीचा तक्ता भराभर भरतो, आणि ती दोन-तीन मिनिटांत सापडली नाही तर संच सोडून द्यायचा असतो. म्हणून या विभागाची पहिली चार-पाच मिनिटे काहीही न सोडवता पाचही संच वाचण्यात घालवणारे उमेदवार शहाणे ठरतात. पाचांपैकी तीन संच नीट सुटले तरी पर्सेंटाइल उत्तम येतो. नवख्याला भोवतो तो पहिलाच संच. वीस मिनिटे त्यात गेली की तो सोडवत नाही आणि सुटतही नाही, अशी गत होते.

इंग्रजी विभागाची धास्ती मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना जास्त असते. ती सर्वस्वी खोटी नाही, पण तिचे कारण चुकीचे सांगितले जाते. अवघड शब्दांचे अर्थ किंवा व्याकरणाचे नियम आता थेट विचारले जात नाहीत. २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर असतात, उरलेले विस्कटलेली वाक्ये लावणे, परिच्छेदाचा सारांश निवडणे असल्या प्रकारचे. उतारे तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, पर्यावरण, इतिहास अशा विषयांवरचे. लेखकाचा मुद्दा कोणता, त्याने कोणाचे मत खोडले, उदाहरण कशासाठी दिले, हे विचारले जाते. मराठीत अग्रलेख किंवा वैचारिक लेख मन लावून वाचणाऱ्याला ही नजर असतेच. तीच इंग्रजीत वळवायला सहा-आठ महिने रोजचे वाचन लागते. शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा रोज एक मोठा लेख वाचून त्याचा आशय मराठीत दोन ओळींत लिहिणे केव्हाही फायद्याचे.

तयारीचा कणा म्हणजे मॉक, अर्थात सराव परीक्षा, पण मॉकची संख्या मिरवण्यात अर्थ नाही. दोन तासांच्या मॉकनंतर तीन-चार तास त्याची चिरफाड व्हायला हवी. त्यासाठी वेगळी वही असावी आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर कारण लिहावे : प्रश्नच नीट वाचला नाही, रीत माहीत नव्हती, आकडेमोडीत घोळ झाला, की मुळात तो सोडायला हवा होता? सहा-सात मॉकनंतर वही चाळली की एकच कारण पुन्हा पुन्हा दिसू लागते, आणि पुढच्या महिन्याचा अभ्यास त्यावरून ठरतो. बरोबर आलेले प्रश्नही तपासावेत. सहा मिनिटे खाऊन ३ गुण देणारा प्रश्न हा तोट्याचाच सौदा असतो.

नोकरी करणाऱ्यांची तयारी सहसा जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते, महाविद्यालयीन मुलांची मे-जूनमध्ये. पायाचे विषय जुलैपर्यंत आटोपून ऑगस्टपासून आठवड्याला एक मॉक आणि ऑक्टोबरनंतर दोन, असा साधा आराखडा बहुतेकांना मानवतो. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरायचे असतात. शेवटच्या पंधरवड्यात नवा विषय काढू नये. मॉक मात्र आपल्याला मिळालेल्या सत्राच्या वेळेलाच द्यावेत. सकाळी साडेआठच्या पेपरची सवय रात्री जागून होत नाही.

महाराष्ट्रातल्या मुलांना एमबीए-सीईटीही द्यायची असते. मुंबईचे जमनालाल बजाज, सिडनहॅम किंवा पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग यांचे प्रवेश मुख्यतः तिच्यावर ठरतात. तिची चाल मात्र उलटी : २०० प्रश्न, १५० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद, आणि वजा गुण नाहीत. इथे एकही प्रश्न सोडायचा नसतो. कॅटच्या तयारीवर सीईटी सहज निघेल या भरवशावर राहिलेले हुशार विद्यार्थी इथे वेगात मार खातात. कॅट झाल्यावर सीईटीपर्यंतचे महिने केवळ वेगाच्या सरावाला द्यावे लागतात. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची झॅट ही प्रवेश परीक्षा जानेवारीत असते. तिच्यात निर्णयक्षमतेचा वेगळा विभाग असल्याने जुने पेपर पाहिल्याशिवाय जाऊ नये.

कॅटचा निकाल साधारणपणे डिसेंबरच्या उत्तरार्धात लागतो आणि मग प्रत्येक आयआयएम आपापली यादी लावते. एकूण पर्सेंटाइलबरोबर तिन्ही विभागांचे वेगवेगळे कटऑफ ओलांडावे लागतात. क्वांटमध्ये ९९ आणि इंग्रजीत ६० असा निकाल जुन्या आयआयएमच्या दारातच अडतो. पुढच्या टप्प्यात दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि कामाचा अनुभव धरला जातो. त्यांचे वजन संस्थेगणिक बदलते, म्हणून अर्ज भरतानाच प्रत्येक संस्थेचे प्रवेश-धोरण वाचून ठेवावे. लेखनचाचणी आणि मुलाखती साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात चालतात. मुलाखतीत पदवीच्या विषयातले मूलभूत प्रश्न हमखास येतात, आणि कॅटच्या नादात त्या विषयाचे पुस्तक वर्षभर बंद राहिलेले असते. कॅटचे गुण पुढच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंतच चालतात. मनासारखी संस्था मिळाली नाही, तर ऑगस्टमध्ये नव्याने अर्ज भरावा लागतो.