डब्याची मागची बाजू

गेल्या माघातील गोष्ट. प्रकटदिनाची गर्दी ओसरून दोन दिवस झाले होते. शेगावात हे दोन-तीन दिवस दुकानदाराला बसू देत नाहीत आणि पुढचे दोन-तीन दिवस उभे राहू देत नाहीत. मंदिराच्या वाटेवरच्या आमच्या किराणा दुकानात त्या दुपारी धाकटे दीर गल्ल्यापाशी हिशेब लावीत बसले होते. सूनबाई आठ महिन्यांच्या नातीला कडेवर घेऊन, चार वर्षांच्या नातवाचे बोट धरून दुकानात आल्या. मीही सोबत होते. नातवाने खालच्या फळीवरचा एक चकचकीत डबा दोन्ही हातांनी ओढून काढला आणि म्हणाला, "आजी, हा घेऊ. याने उंची वाढते."

त्याला हे कोणी सांगितले, हे विचारण्याची गरज नव्हती. मी "घे बाळा" म्हणून मोकळी झाले. दुकान घरचे, वस्तू दुधात घालून प्यायची, हट्ट काही वाईट वस्तूचा नाही. आजीला आणखी काय हवे? सूनबाईंनी मात्र डबा त्याच्या हातातून घेतला, उलटा केला आणि मागचा बारीक मजकूर वाचू लागल्या. मग मला म्हणाल्या, "आई, यात दुसऱ्या क्रमांकावर साखर आहे."

दिरांनी वहीतून मान वर न करता म्हटले, "असे एकेक वाचत बसले तर धंदा कोणी करायचा?"

या एका वाक्यावरून आमच्या घरात पुढे जे काही घडले, ते सांगण्यासाठी हा लेख. आपल्या मासिकाचे बहुतेक वाचक व्यापारी कुटुंबांतले. विकणारे आपणच आणि घेणारेही आपणच. बाहेरच्या माणसाला ही अडचण कळणार नाही.

आधी माझी कबुली. एम.कॉम. होऊन मी बँकेत लागले आणि पस्तीस वर्षे कर्जाची कागदपत्रे वाचण्यात घालविली. तारण, जामीन, व्याजदर, खालच्या बारीक टाइपातल्या अटी. लोकांना मी बजावत असे की, सही करण्यापूर्वी मागचे पान वाचा. पण स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या एकाही डब्याची मागची बाजू मी कधी वाचली नव्हती. हिरवा ठिपका दिसला की आपले काम झाले, असे मला वाटे. सूनबाईंनी त्या रात्री मला आमच्याच कपाटातले पाच-सहा डबे आणि पाकिटे पुढ्यात ठेवून वाचायला लावली.

पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, हा नियम आहे. म्हणजे जे सर्वांत अधिक, ते पहिले. आमच्या डब्यावर पहिले धान्याचे नाव होते आणि लगेच साखर. शेजारच्या तक्त्यात शंभर ग्रॅममागे साखर तीस ग्रॅमहून अधिक दिली होती. दोन भरलेले चमचे म्हणजे साधारण वीस ग्रॅम पूड धरली, तर एका पेल्यात सहा ग्रॅमहून अधिक साखर. आणि वर आम्ही दुधात आणखी एक चमचा घालत होतोच. सकाळ-संध्याकाळ. दारावर उंचीच्या रेघा मारण्याचा उद्योग मीच करीत असे.

असले पदार्थ आजवर ज्या नावाखाली विकले गेले, त्या 'आरोग्यपेया'ची तर आपल्या अन्न सुरक्षा कायद्यात व्याख्याच नाही. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी दुधाची, धान्याची व माल्टची पेये 'आरोग्यपेय' या सदरात दाखवू नयेत, असे सांगितले. पाठोपाठ वाणिज्य मंत्रालयानेही तशी सूचना दिली. बातमी वर्तमानपत्रांत आली होती. मीही ती वाचली असेल आणि पान उलटले असेल.

आता हिरव्या ठिपक्याविषयी, कारण तो आपल्या घरांच्या अगदी जिव्हाळ्याचा विषय. तो ठिपका खोटे बोलत नाही, पण तो आपल्या भाषेत बोलत नाही. कायद्याने 'मांसाहारी' या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तिच्यातून दूध आणि दुधाच्या पदार्थांबरोबर मध व मेणही वगळले आहेत. म्हणजे मध घातलेल्या बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपकाच असणार. आणि मध आपल्याकडे अभक्ष्य. कांदा, लसूण, बटाट्याचा स्टार्च यांचा तर त्या ठिपक्याशी काही संबंधच नाही. ज्या घरात चातुर्मासात हिरवी भाजी टाळतात, त्याच घरात मुलाच्या खाऊच्या पुड्यात काय आहे हे केवळ रंग पाहून ठरविले जाते. सूनबाई म्हणाल्या, "तुम्ही मला लग्नानंतर भाजी निवडायला शिकवली ना, हेही निवडणेच आहे." मला उत्तर सुचले नाही.

नातीच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट समजली, ती मला बँकेत असतानाही ठाऊक नव्हती. तान्ह्या बाळांच्या दुधाची पावडर आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचे तयार अन्न यांची जाहिरात करण्यास आपल्या देशात बंदी आहे. कायदा १९९२ चा; २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्या डब्यांवर बाळाचे किंवा आईचे चित्रही छापता येत नाही. आमच्या दुकानात असे डबे कित्येक वर्षे आहेत. त्यांच्यावर गुटगुटीत बाळ का नाही, हा प्रश्न दिरांनाही कधी पडला नव्हता. मूल दोन वर्षांचे झाले की ही भिंत संपते आणि जाहिरात थेट मुलाशीच बोलू लागते. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तेथेही काही बंधने घातली आहेत. मुलांना अमुक वस्तू घ्या किंवा आईवडिलांकडे तिचा हट्ट धरा, असे जाहिरातीतून थेट सुचविता येत नाही. मुलांच्या कार्यक्रमांत चिप्स व थंड पेये यांची जाहिरात करता येत नाही. नियम चांगले आहेत. तरी आमचा नातू "याने उंची वाढते" हे वाक्य पाठ म्हणतो.

दिरांची बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. ते स्वभावाने कडक, पण वजनात काटा मारणारे नव्हेत. त्या डब्याची खालची फळी ही काही सहज मिळालेली जागा नव्हे. कंपनीचा माणूस येतो, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीची फळी मागतो आणि तेवढ्यासाठी दरमहा काही रक्कम किंवा जादा माल देतो. छोट्या दुकानदाराला तुरीच्या डाळीत काय सुटते, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. त्यात घरोघरी ऑनलाइन खोकी उतरू लागली. दिरांचा खरा राग त्या खोक्यांवर होता, आणि त्यातली चार-दोन खोकी आमच्याच दारात उतरत होती.

होय, सूनबाईंच्या नावाने. लंगोटाची पाकिटे, साबण, खेळणी. यांतले निम्मे सामान आमच्याच दुकानात होते. एके दिवशी दिरांनी ते खोके उचलून ओट्यावर ठेवले आणि म्हटले, "डबा उलटा करून वाचता, मग हे खोके कोणी वाचायचे?" त्या गप्प बसल्या. रात्री माझ्याजवळ बोलल्या. नात रात्री दोनला उठते. अंधारात तिला पाजताना एका हातात फोन असतो. पुस्तक एका हाताने धरता येत नाही, दिवा लावता येत नाही. फोनवर येते, 'फक्त २ शिल्लक', 'सवलत १० मिनिटांत संपणार', 'उत्तम आई हेच निवडते'. दिवसा ज्या वस्तूला त्यांनी हसून बाजूला ठेवले असते, ती रात्री दोनला मागवली जाते. "आई, त्या वेळी मी खरेदी करत नसते, मी जागी असते इतकेच."

घाई करविण्याच्या या युक्त्यांनाही आता कायद्यात नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या पद्धतींची यादी काढली: टंचाईचा खोटा आव आणणे, न विचारता टोपलीत वस्तू घालणे, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्ये लिहिणे. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. पण रात्री दोन वाजता कोण तक्रार करणार?

एका बाबतीत मात्र माझा जुना धंदा उपयोगी पडला. बाळाची ढकलगाडी त्यांनी 'बिनव्याजी हप्त्यां'वर घेतली होती. १२,००० रुपये, दरमहा २,००० चे सहा हप्ते. रोख घेतली असती तर १,००० सवलत होती, हे पानाच्या खाली लिहिलेले होते. म्हणजे गाडीची खरी किंमत ११,००० आणि सहा महिन्यांचे व्याज १,०००. हप्त्यागणिक मुद्दल कमी होत जाते, हे लक्षात घेऊन मी दर काढला, तो वर्षाला सुमारे तीस टक्के पडला. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट शब्दांत कळविले होते. ते परिपत्रक माझ्या टेबलावर आले होते. सूनबाईंनी आकडेमोड दोनदा पडताळून पाहिली आणि तो कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटविला.

माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. त्या रोज सकाळी नियम घेत: आज इतकीच द्रव्ये, इतकीच वस्त्रे. भोगोपभोग परिमाण व्रत हे नाव मला नंतर कळले. त्या फक्त बोटांवर मोजत आणि त्यापुढे काही मागत नसत. मी नोकरीवर जाणारी सून. मला ते सारे त्या काळी जुनाट वाटे. आणि त्यांची दुसरी सवय: दुकानातून गुळाचा किंवा डाळीचा पुडा आला की तो सोडून, कागदाच्या सुरकुत्या हाताने काढून, चष्मा लावून त्या तो जुना वर्तमानपत्राचा तुकडा वाचीत. अर्धी बातमी, अर्धी कथा. पुढचा भाग कधीच मिळत नसे. मी माझ्या पगारातून त्यांना कधी एखादे मासिक लावून दिले नाही. हे आज आठवते, तेव्हा डबा वाचणाऱ्या सुनेकडे मी वेगळ्या नजरेने पाहते.

सूनबाई मराठीत एम.ए. आहेत. माहेराहून आणलेल्या पुस्तकांची पेटी माळ्यावर आहे. नातवाच्या जन्मानंतर ती उघडलेली मी पाहिली नव्हती आणि तिच्याविषयी विचारलेही नव्हते. त्यांना वाचायला वेळ मिळत नाही, अशी तक्रार त्यांनी केली नाही. पण पुड्यावरची घटकांची यादी हेच ज्या घरातल्या तरुण आईचे वाचन उरते, त्या घरातल्या निवृत्त माणसांनी काय करायचे? मी दुपारी तीन ते साडेचार नातीला घेते. दोन महिने झाले. पहिला आठवडा त्या झोपल्याच. दुसऱ्या आठवड्यात पेटी खाली आली.

नातवासाठी आम्ही फोनचाच उपयोग केला. बालभारतीचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. त्यातल्या गोष्टी त्याला अजून थोड्या मोठ्या आहेत. पण आई वाचते आणि तो चित्रे पाहतो. रात्री दोनच्या पाळीलाही सूनबाई कधी कधी तेच उघडतात. खोकी बंद झाली असे नाही. मागच्या आठवड्यातही एक आले. त्यात मोजे होते.

राहिला डबा. दिरांनी तो विकणे बंद केलेले नाही. गिऱ्हाईक मागते, ते देतात. मात्र एका सकाळी मी दुकानात गेले तेव्हा खालच्या फळीवर फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की मांडलेली होती, आणि डबे सर्वांत वरच्या फळीवर गेले होते, जेथे पोहोचायला दिरांनाही स्टूल लागते. कंपनीचा माणूस त्या महिन्यात दोनदा येऊन गेला. फळीचे पैसे किती बुडाले, ते मी विचारले. दिरांनी वहीतून मान वर केली नाही.