गिझर दुरुस्त करावा की बदलावा?

थंडीची पहिली लाट आली की शहरांतील घरोघरी एक दृश्य हमखास दिसते. वर्षभर निमूटपणे काम करणारा गिझर नेमका त्याच सकाळी रुसतो, दुरुस्तीसाठी आलेला कारागीर वर एक नजर टाकून ‘आता नवाच घ्या’ असे सांगून मोकळा होतो आणि कार्यालयाची वेळ गाठायच्या घाईत घरातील मंडळी मान डोलावतात. हजारो रुपयांचा निर्णय खांद्यावर टॉवेल टाकून उभ्या उभ्या घेतला जातो. वस्तुतः गिझर कधी बदलावा, याचे उत्तर त्याच्या वयात किंवा वीजबिलात फारसे नसते. ते प्रामुख्याने त्याच्या टाकीत असते.

साठवणुकीच्या विजेच्या गिझरमध्ये पाणी तापवणारी कॉइल, तापमान राखणारा थर्मोस्टॅट, अधिक तापल्यास वीज तोडणारा कटआउट, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि या सर्वांना सामावून घेणारी टाकी असे मोजके भाग असतात. टाकी वगळता यांतील प्रत्येक भाग स्वतंत्रपणे बदलता येतो आणि नव्या गिझरच्या तुलनेत तो स्वस्त पडतो. पाणी मुळीच तापत नसेल तर बहुधा कॉइल किंवा थर्मोस्टॅट निकामी झालेला असतो. नळाला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर कॉइलचे आवरण तडकलेले असू शकते किंवा घरातील अर्थिंग सदोष असते. अशा वेळी गिझर त्वरित बंद करणे आवश्यक आहे. मात्र तो भंगारात काढणे आवश्यक नाही. कॉइल बदलून आणि अर्थिंग तपासून तोच गिझर पुढे अनेक वर्षे चालू शकतो. घरात ३० मिलिअँपिअरचा ‘आरसीसीबी’ बसवलेला नसेल, तर नव्या गिझरपेक्षा त्यावरील खर्च अधिक निकडीचा ठरतो.

टाकीचे मात्र तसे नाही. बहुतेक टाक्या पोलादाच्या असून त्यांना आतून काचेसारख्या मुलाम्याचा थर दिलेला असतो. या थराला सूक्ष्म तडे जातात आणि तेथून गंज सुरू होऊ शकतो. तो रोखण्यासाठी टाकीत मॅग्नेशियमची एक दांडी बसवलेली असते. मॅग्नेशियम पोलादापेक्षा लवकर झिजते, म्हणजेच टाकीचा गंज ही दांडी स्वतःवर ओढवून घेते. ती संपली की पाळी टाकीची येते. ही दांडी वर्षा-दोन वर्षांनी तपासून बदलता येते, हे फार थोड्या ग्राहकांना ठाऊक असते. विक्रेतेही ते आवर्जून सांगत नाहीत, यात नवल नाही.

दांडी किती काळ टिकेल, हे घरात कोणते पाणी येते यावर बरेचसे अवलंबून आहे. तानसा, भातसा, वैतरणा या जलाशयांतून मुंबईला किंवा खडकवासल्यातून पुण्याला मिळणारे पाणी मूलतः पावसाचे, तुलनेने मृदू असते. उपनगरांतील ज्या सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर अवलंबून असतात, तेथे पाण्यात क्षारांचे प्रमाण बरेच जास्त असू शकते. तापल्यावर हे क्षार कॉइलवर आणि टाकीच्या तळाशी साचतात. त्यामुळे एकाच कंपनीचा, एकाच दिवशी घेतलेला गिझर दादरला दहा-बारा वर्षे चालावा आणि टँकरच्या पाण्यावरील सोसायटीत पाच वर्षांत गळू लागावा, हे असंभव नाही. ‘गिझर आठ वर्षांनी बदलावा’ असे सरसकट ठोकताळे म्हणूनच फसवे ठरतात. दुरुस्तीचा खर्च नव्या किमतीच्या निम्म्यावर गेला की बदलावा, हा दुकानांतून ऐकू येणारा नियमही टाकीची अवस्था न पाहता लावला तर निरुपयोगीच.

टाकी गेल्याची लक्षणे ओळखणे अवघड नाही. केवळ गरम पाण्याच्या नळातून तांबूस पाणी येत असेल आणि थंड पाणी स्वच्छ असेल, तर गंज गिझरमध्ये आहे. दोन्ही नळांतून तसे पाणी येत असेल, तर दोष जुन्या लोखंडी नळांचा असण्याची शक्यता अधिक. गिझरच्या बाहेरील आवरणाच्या तळातून पाणी ठिबकत असेल आणि जोडणीच्या ठिकाणी किंवा कॉइलच्या रबरी वायसरपाशी गळती नसेल, तर टाकीला छिद्र पडले असे समजावे. अशी टाकी डाग देऊन टिकत नाही. येथे दुरुस्तीवर खर्च केलेला प्रत्येक रुपया वाया जातो.

मात्र सेफ्टी व्हॉल्व्हमधून पडणारे थेंब ही गळती नव्हे. पाणी २० अंश सेल्सिअसवरून ६० अंशांपर्यंत तापवले, की त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते. २५ लिटरच्या टाकीत हे वाढीव पाणी पेलाभराहून अधिक, सुमारे पावणेचारशे मिलिलिटर होते. परतीचा मार्ग एकदिशा व्हॉल्व्हने बंद असल्याने ते सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच बाहेर येते. फरशी ओली होते म्हणून या व्हॉल्व्हचे तोंड बुच मारून बंद करण्याचा उद्योग काही घरांत केला जातो. तो प्राणघातक ठरू शकतो. उंच इमारतींत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. दर दहा मीटर उंचीमागे पाण्याचा दाब सुमारे एक बारने वाढतो. सोसायटीने नवा प्रेशर पंप बसवला असेल, तर जुन्या गिझरच्या पाटीवर लिहिलेली दाबाची मर्यादा त्याच आठवड्यात वाचून घ्यावी. ती अपुरी असेल तर चालू स्थितीतील गिझरही बदलणे भाग आहे.

वीजबचतीसाठी जुना गिझर काढावा, हा युक्तिवाद विक्रेत्यांकडून वारंवार केला जातो. त्यात तथ्य मर्यादित आहे. कॉइल नवी असो वा जुनी, तिने घेतलेली जवळजवळ सर्व वीज उष्णतेतच रूपांतरित होते. २५ लिटर पाणी ४० अंशांनी तापवण्यास सुमारे १.१६ युनिट वीज लागते आणि हा हिशेब कोणताही ‘स्टार’ बदलू शकत नाही. स्टारमधील फरक असतो तो तापलेले पाणी तसेच साठवून ठेवताना होणाऱ्या उष्णतेच्या हानीचा. त्यामुळे गिझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घराला पाच स्टारचा लाभ होतो; स्नानापूर्वी अर्धा तास चालू करणाऱ्याला तो नगण्य असतो. पाणी तापण्यास पूर्वीपेक्षा वेळ लागतो, ही तक्रारही नेहमी गिझरची नसते. विजेचा दाब २३० व्होल्टवरून २०० वर उतरला, तर कॉइलची शक्ती जवळजवळ पाव भागाने घटते. शिवाय डिसेंबरात टाकीत येणारे पाणीच मुळात अधिक गार असते.

हा सर्व विचार विजेच्या गिझरपुरता. बाथरूमच्या आत बसवलेल्या गॅस गिझरला यांतील एकही निकष लावू नये. तो उत्तम चालत असला तरी तेथून हलवावा, आणि हलवणे शक्य नसेल तर काढून विजेचा बसवावा. एक किलो एलपीजी जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गॅस गिझर पूर्ण क्षमतेने चालल्यास तासाला किलोभराच्या आसपास गॅस जाळतो. चार बाय सहा फुटांच्या, नऊ फूट उंचीच्या बंद बाथरूममध्ये हवा असते जेमतेम सहा घनमीटर. म्हणजे पंधरा मिनिटांच्या स्नानात त्यातील निम्मी ज्योतीने वापरलेली असते. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जुन्या वाड्यांतील तांब्याच्या बंबाचा धूर डोळ्यांत जाई, नाकाला झोंबे आणि माणूस खोकत बाहेर येई. या वायूला ना रंग, ना वास. डोके जड होणे, मळमळणे, पायांतील बळ जाणे ही लक्षणे जाणवेपर्यंत अनेकदा कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. गॅस गिझर मोकळ्या हवेच्या गॅलरीत असावा आणि स्नानगृहात केवळ गरम पाण्याचा नळ यावा, हीच त्याची सुरक्षित मांडणी आहे. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत असेल किंवा आवरणावर काजळी धरली असेल, तर बाहेर असलेला गिझरही तपासणीपर्यंत बंद ठेवावा.

नवा गिझर घेण्याचे ठरलेच, तर जुना व्हॉल्व्ह आणि जुने लवचीक नळ त्यालाच जोडून देण्याची कारागिराची काटकसर मान्य करू नये. पाण्याने भरलेला २५ लिटरचा गिझर स्वतःचे वजन धरून ३० किलोंहून अधिक भरतो. अलीकडच्या इमारतींतील हलक्या ब्लॉकच्या भिंतीत विटेसाठीचे साधे खिळे-बोल्ट हा भार पेलतीलच असे नाही; भिंत कशाची आहे, हे भोक पाडण्याआधी विचारावे. जोडणी झाल्यावर गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत विजेचे बटण दाबू नये. रिकाम्या टाकीत नवीकोरी कॉइल काही मिनिटांत जळून जाते.