मोजायचे राहून गेलेले

बँकेत लागलो तेव्हा पहिले वर्ष कॅश काउंटरवर गेले. आमचे हेड कॅशियर नोटांच्या गड्डीकडे नुसते पाहून सांगत, ‘यात दोन कमी आहेत.’ बहुतेक वेळा ते बरोबर निघे. तरीही गड्डी मोजायला लावीत, तीही दोनदा. ‘आपली नजर चुकत नाही असं वाटायला लागलं, की चूक होणार हे नक्की,’ असे ते म्हणत. दहा रुपयांचा फरक आला तरी ताळा लागेपर्यंत कुणी घरी जात नसे. अशा उशिराच्या रात्री मला हटकून आमची अक्का आठवायची.

अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. १९७२ साली ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सुईण अनुभवी होती. गावातली अर्धी मुले तिच्याच हातची. मुलगी झाली, ओसरीवर गूळ वाटला गेला. मग आतून भिजलेली पटकुरे बाहेर येऊ लागली. आईने विचारले, ‘जास्त जातंय का हो?’ सुईण म्हणाली, ‘बाळंतिणीचं जायचंच. घाण जाऊ द्यावी, अंग मोकळं होतं.’ अक्का बोलत होती, पाणी मागत होती, म्हणून सगळ्यांना धीर होता. दिवेलागणीला ती बोलायची थांबली. जीप मिळून तालुक्याला पोचेपर्यंत सारे संपले होते. रक्त किती गेले, हे कुणीच सांगू शकले नाही. कुणी मोजलेच नव्हते.

सुईणीला दोष देऊन मी बरीच वर्षे काढली. पुढे एका कादंबरीच्या निमित्ताने स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या एका स्नेह्यांकडे बसलो, तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितले. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जात असते. वार सुटली की त्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशयाचे स्नायू जाळीसारखे विणलेले असतात. ते आवळले की वाहिन्या चिमटल्या जातात आणि रक्त थांबते. ते सैल राहिले, तर वाहतच राहते. फसवणूक पुढेच आहे. तरुण, निरोगी स्त्रीचे शरीर बराच वेळ तोल सांभाळते. नाडी जलद होते, पण रक्तदाब टिकून असतो. ती बोलते, बाळाकडे बघते. आणि मग एकाएकी कोसळते.

‘पण दवाखान्यात तरी मोजता ना?’ मी विचारले. डॉक्टर हसले. म्हणाले, ‘आम्हीसुद्धा वर्षानुवर्षं नजरेनंच अंदाज केला.’

म्हणजे तिथेही अंदाजपंचे दाहोदरसे! प्रसूतीनंतर पाचशे मिलिलिटरहून अधिक रक्त गेले तर तो अतिरक्तस्राव, हे पुस्तकात छापलेले होते. पण चादरीत, कापसात, गर्भजलात मिसळलेल्या रक्ताचे मिलिलिटर करायचे कसे?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारी, बेळगावात निघाले. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींची पाहणी केली. त्यांच्या प्रसूती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, गावोगावच्या नर्सबाई होत्या. मिसोप्रोस्टॉलच्या साध्या गोळ्यांनी अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. पण औषधाचा गुण ठरवायचा तर रक्त मोजायला हवे. त्यासाठी बाळंतिणीच्या खाली पसरायची एक प्लॅस्टिकची चादर वापरली गेली. तिच्या टोकाला पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. दुधाच्या मापासारखी सोपी गोष्ट! याच चादरीने बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात नजरेची परीक्षा घेतली, तेव्हा नजरेचा अंदाज मापापेक्षा ३३ टक्के कमी भरला. तिजोरीत एवढी तूट आली असती, तर आमची शाखा बंद झाली असती.

मात्र नुसत्या चादरीने भागत नाही. पिशवीतली रेघ ओलांडली, आता काय करायचे, हे खोलीतल्या प्रत्येकीच्या हाताला ठाऊक असावे लागते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत हेच करून पाहिले. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. दोन लाखांहून अधिक बाळंतिणींची ही पाहणी. निम्म्या रुग्णालयांत मापाची चादर दिली आणि रेघ ओलांडताच पाच गोष्टी एकदमच करायच्या असे ठरवले : गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड, सलाईन आणि कारणाचा शोध. एक करून वाट बघायची, मग दुसरे, हा रिवाज बंद. डॉक्टर-नर्सना त्यांच्याच दवाखान्यात, खोटा प्रसंग उभा करून, पुन्हा पुन्हा तालीम दिली. जिथे जुनी पद्धत चालू राहिली, तिथे गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू असे प्रसंग ४.३ टक्के घडले; तालीम झालेल्या ठिकाणी १.६ टक्के. औषधे बहुतेक जुनीच होती. नवे होते ते मोजणे आणि हातांची सवय.

भारतात २००१ ते २००३ या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत. २०१८ ते २०२० मध्ये हा आकडा ९७ वर, महाराष्ट्रात ३३ वर आला. या उतारामागे रुग्णवाहिका आहेत, रक्तपेढ्या आहेत, आशाताई आहेत. पण उरलेल्या तेहतिसांतली प्रत्येक जण कुणाची तरी अक्का आहे.

अक्काच्या मुलीला माझ्या आईने वाढवले. गेल्या वर्षी त्या भाचीची लेक बाळंत झाली. मी प्रसूतिगृहाच्या बाहेर बाकावर बसलो होतो, १९७२ साली ओसरीवर बसलो होतो तसाच. नर्सबाई पेढे मागायला बाहेर आल्या. मी विचारले, ‘रक्त किती गेलं?’ असला प्रश्न आजोबा विचारत नसावेत. त्या क्षणभर थबकल्या, आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘दोनशे ऐंशी. नाडीही ठीक आहे. काळजी करू नका, काका.’

बँकेतली सवय, खिशातली डायरी काढली आणि आकडा लिहून ठेवला. बाळाचे वजन लिहायचे राहूनच गेले.