लाडिक बोली, भूमिकावस्था आणि प्रौढांची संमती

मोठ्या माणसाने मोठ्याच माणसाशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलणे ही गोष्ट आपल्या घरांत अपरिचित नाही. दिवसभराच्या कामाने थकून आलेल्या पतीला पत्नी 'दमलं का माझं पिल्लू?' असे विचारते आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. काही प्रौढ जोडीदारांमध्ये हाच प्रकार प्रासंगिक न राहता परस्परांनी विचारपूर्वक ठरविलेल्या संबंधाचे रूप घेतो. एकाने सांभाळणाऱ्याची भूमिका घ्यावयाची, दुसऱ्याने सांभाळून घेतले जाणाऱ्याची. आणि ठरलेल्या वेळापुरता या दुसऱ्याने निर्णयांचा व जबाबदाऱ्यांचा भार खाली ठेवावयाचा. कोणी चित्रे रंगवितो, कोणी गोष्ट ऐकतो, कोणी नुसता पांघरूण घेऊन निवांत पडून राहतो. त्या वेळच्या मनःस्थितीला इंग्रजी भाषिक समाजांत 'हेडस्पेस' असे नाव आहे. येथे तिला 'भूमिकावस्था' म्हणू. दोघेही प्रौढ असणे आणि दोघांचीही संमती असणे, ही या संबंधाची पहिली अट होय. मानसशास्त्रीय अंगाने या अवस्थेचा पुष्कळ विचार करता येईल. प्रस्तुत लेखाचा प्रश्न मर्यादित आहे: ही अवस्था भाषेने कशी उघडते, कशी मिटते, आणि संमतीची खूण भाषेत कोठे सापडते?

या प्रश्नाच्या अभ्यासात मराठीला आरंभापासूनच स्थान आहे. १९६४ साली चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालभाषेची तुलना करणारा निबंध प्रसिद्ध केला. अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची आणि गिल्याक यांच्या जोडीला त्यांनी घेतलेली सहावी भाषा मराठी होती. त्याच वर्षी अशोक केळकर यांचा मराठी बालभाषेवरील स्वतंत्र निबंधही प्रसिद्ध झाला. बालभाषा ही मुलांनी घडविलेली भाषा नसून मोठ्यांनी परंपरेने जतन केलेले एक भाषारूप आहे, हा फर्ग्युसन यांच्या विवेचनाचा गाभा. 'चिऊ', 'हम्मा', 'भुर्र', 'जोजो' हे शब्द मूल शोधून काढीत नाही. ते आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलाकडे येतात. जे मोठ्यांचेच आहे ते मोठ्यांनी आपापसांत वापरावे, यात आश्चर्य नाही. हे भाषारूप प्रेमिकांमध्येही चालते, याची दखल फर्ग्युसन यांनी घेतलीच होती. पुढे १९९६ मध्ये बॉम्बार व लिटिग यांनी प्रौढांच्या प्रेमसंबंधांतील व मैत्रीतील बालभाषेचा अभ्यास करून तिचा संबंध जिव्हाळ्याच्या बंधाशी जोडला.

मराठीत हे भाषारूप केवळ शब्दांनी सिद्ध होत नाही. 'र' चा 'ल' होतो, 'स' चा 'छ' होतो, स्वर लांबतो, हे तर कानाला सहज जाणवते. खरा पालट व्याकरणात आहे. 'तू दमलास का?' किंवा 'तू दमलीस का?' या प्रश्नांत समोरचा माणूस द्वितीय पुरुषी आहे आणि क्रियापदात त्याचे लिंगही उमटले आहे. 'दमलं का माझं पिल्लू?' या वाक्यात तोच माणूस तृतीय पुरुषात व नपुंसकलिंगात गेला. संभाषणातील सहभागी या नात्याने त्याच्यावर जे उत्तरदायित्व असते, ते व्याकरणाने क्षणभर उचलून घेतले. तोही 'पिल्लाला भूक लागली' असे म्हणतो तेव्हा 'मी' हे पद सोडून देऊन त्या सवलतीचा स्वीकार करतो. भूमिकावस्थेचे दार असे उघडते. दार मिटते तेही व्याकरणानेच. 'चल, उठ. विजेचं बिल तू भरतोस की मी भरू?' या वाक्यात 'तू' परतला, लिंग परतले आणि निवड करण्याचा अधिकारही परतला.

येथे ग्रेगरी बेटसन यांच्या १९५५ मधील विवेचनाचे स्मरण होते. खेळणारी माकडे एकमेकांना चावल्यासारखे करतात. परंतु 'हा खेळ आहे' असा संकेत त्या कृतीसोबतच दिला जात असतो. तो संकेत दोघांनाही कळतो, म्हणूनच त्याचे भांडण होत नाही. भूमिकावस्थेतील प्रौढाने आपले प्रौढत्व गमावलेले नसते. लाडिक बोली ही त्याच्या दृष्टीने एक चौकट असते आणि चौकटीच्या कडा त्याला दिसत असतात. म्हणूनच असे जोडीदार काय करावयाचे, काय टाळावयाचे, याची बोलणी आधी नेहमीच्या भाषेत करतात. खेळ तत्काळ थांबविणारा एक शब्दही ठरवितात. तो शब्द लाडिक बोलीतील नसावा, हे महत्त्वाचे. त्या बोलीत 'नको' हा शब्द लाडाचाही असू शकतो. ठरविलेल्या शब्दाला मात्र दुसरा अर्थ असता कामा नये. काहींनी यासाठी रहदारीच्या दिव्यांचे रंग घेतले आहेत: 'पिवळा' म्हणजे जपून, 'तांबडा' म्हणजे थांब.

या संकेताचे मोल कळावयाचे असेल तर तो जेथे नाही तेथे पाहावे. १९८१ मध्ये लिंडा कॅपोरेल यांनी अमेरिकेतील एका वृद्धसेवागृहातील बोलणे अभ्यासिले. ध्वनिमुद्रणातील शब्द ओळखू येणार नाहीत, परंतु स्वरांचे चढउतार राहतील, अशी योजना करून ते श्रोत्यांना ऐकविले. वृद्धांशी बोललेली बालभाषा आणि मुलांशी बोललेली बालभाषा यांत श्रोत्यांना भेद करता आला नाही. प्रस्तुत लेखकाचे वडील निवृत्त मुख्याध्यापक होते. अखेरच्या आजारात एका रुग्णालयात 'आता तोंड उघडायचं हं, शहाणं बाळ ते!' हे शब्द त्यांच्या कानी पडले तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरविले. बोलणारीच्या मनात माया होती, यात संशय नाही. तेच नपुंसकलिंग, तोच स्वर, तीच काळजी. उणीव एवढीच की, हे दार त्यांनी उघडले नव्हते आणि ते मिटविणारा शब्द त्यांच्याजवळ नव्हता.

यावरून निघणारा निष्कर्ष केवळ भूमिकावस्थेपुरता राहत नाही. एखादे भाषारूप मायेचे की मानभंगाचे, हे त्याच्या ध्वनींवरून अथवा रूपांवरून ठरत नाही. ते कोणास थांबविता येते, यावरून ठरते. जोडीदारांपैकी एकाचा थांबविण्याचा शब्द दुसऱ्याने ऐकेनासा केला, तर तोच खेळ त्या क्षणी रुग्णालयातील प्रसंगाहून वेगळा उरत नाही. उलटपक्षी, वृद्धाला आधी 'आपल्याला कसे हाक मारू?' असे विचारले, तर तेच मृदू स्वर त्याला सुखावह होण्याचा संभव आहे. तेव्हा बालभाषेची सामग्री गोळा करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी शब्दांच्या याद्यांबरोबर आणखी एक रकाना आखावा: हे बोलणे कोणी सुरू केले, आणि ते कोणाच्या शब्दाने थांबले?