वाढत्या अंगाचा खणाचा परकर

खणाचे परकर-पोलके हा महाराष्ट्रातल्या लहान मुलींचा जुना सणावारी पोशाख. तो शिवायचा मोसम शरदाचा. हस्त नक्षत्रातला हादगा किंवा नवरात्रातला भोंडला, मग दसरा, कोजागिरी आणि दिवाळी असे दिवस एकामागून एक येतात आणि एकच जोड या सगळ्यांना पुरतो. मात्र तो एका वर्षासाठी शिवायचा नसतो. मुलीची उंची पुढच्या दिवाळीपर्यंत वाढणार, हे धरूनच तो बेतायचा असतो.

खण प्रामुख्याने कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, गुळेदगुड्ड गावी विणला जातो. खपतो मात्र मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रात. त्यातल्या बारीक बुट्ट्या ताण्यातल्या जादा धाग्यांनी उठवलेल्या असतात. कापडाच्या दोन्ही कडांना काठ असतो आणि हातमागावरच्या खणाचा पारंपरिक पन्हा साधारण ३१ इंच भरतो. परकराचा सगळा बेत या पन्ह्यावर उभा आहे. कापड आडवे धरले की एक काठ आपोआप घेराच्या तळाशी येतो, म्हणजे पन्हा हीच परकराची जास्तीत जास्त लांबी. काठाची कड मागावरच बांधलेली असल्याने तळाला दुमडही घालावी लागत नाही. कापड आडवे वापरताना बुट्टीही आडवी होते, म्हणून चारही बाजूंनी सारखी दिसणारी बुट्टी निवडणे चांगले.

सात वर्षांच्या मुलीचे उदाहरण घेऊ. कंबर २२ इंच, कमरेपासून घोट्यापर्यंत २६ इंच. घेर कमरेच्या तिप्पट धरला की ६६ इंच, म्हणजे परकराला पावणेदोन मीटर खण लागतो. पोलक्यासाठी आणखी एक मीटर घेतला की कापताना हात आखडावा लागत नाही. आता लांबीचा हिशेब. ३१ इंचांतला एक इंच कमरेच्या शिवणीत जातो आणि उरलेल्या ३० पैकी २६ इंच नेसायला लागतात. शिल्लक राहिलेले चार इंच कापून टाकणे म्हणजे या कपड्याचा मुख्य गुणच घालवणे. ते दोन आडव्या टकांत दुमडून ठेवतात. टक एक इंच खोल घेतला की दोन इंच कापड खातो, त्यामुळे दोन टकांत चार इंच नेमके बसतात. या वयात मुले वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंच होतात आणि त्यातला काही भागच पायांत जातो. म्हणून एक टक उसवला की परकर निदान वर्षभर पुरतो.

टक काठाच्या वर दोन बोटे जागा सोडून घालावेत, त्यांचे तोंड खाली ठेवावे आणि टाका लांब घ्यावा, म्हणजे पुढे उसवताना कापड ओढले जात नाही. हे काम घेर जोडण्याआधी, कापड सपाट असतानाच करावे. नंतर बाजूची शिवण घालताना वर तीन-चार इंचांची फट राखतात. चुण्यांसाठी कमरेलगत पाव इंच अंतराने लांब टाक्यांच्या दोन समांतर ओळी घालून दोरे ओढायचे. घेराचे आणि नेफ्याचे आधी चार-चार समान भाग करून ते जुळवले, तर चुण्या एका बाजूला गोळा होत नाहीत. वरचा काठही चुण्यांत येतो, पण तो पोलक्याखाली झाकला जातो. नेफा सुती कापडाचा असावा. खणाचा केला तर कमरेला जाड होतो आणि टोचतो.

शरदातल्या हवेसाठी अस्तर महत्त्वाचे. दुपारी ऑक्टोबरचे कडक ऊन आणि रात्री गारवा, अशा वेळी मलमलीसारखे मऊ सुती अस्तर घाम टिपते आणि ऊबही देते. कृत्रिम धाग्याचे चकचकीत अस्तर स्वस्त पडते, पण अंगाला चिकटते. भोंडल्याच्या फेरात नाचणाऱ्या मुलीला ते घालू नये. अस्तर धुऊन, आटवूनच कापावे. ते नेफ्यातून मोकळे सोडतात, परकरापेक्षा इंचभर आखूड ठेवतात आणि त्याच्या तळाशी चार इंचांची दुमड घालतात. नाहीतर परकर लांब झाला तरी अस्तर वरच राहते.

पोलक्याचे भाग मांडताना काठ वाया जाऊ देऊ नये. पुढचा भाग एका काठावर, पाठ दुसऱ्या काठावर आणि उरलेल्या तुकड्याच्या दोन काठांवर दोन बाह्या, अशी मांडणी केली की खालची पट्टी आणि बाह्यांची कड दोन्हींवर काठ येतो. बगलेच्या शिवणींत प्रत्येक भागाला एकेक इंच माया सोडावी, म्हणजे पुढे छातीचा घेर दोन-तीन इंचांनी वाढवता येतो. बाहीच्या मुंढ्यालाही माया हवीच. ती विसरली गेली, तर बगलेतली माया निरुपयोगी ठरते. बाही फुग्याची असेल, तर फुग्याच्या चुण्या खांद्यावर धराव्यात, बगलेत नकोत.

खण कापला की कडेचे धागे भराभर सुटतात. म्हणून तुकडे कापल्याबरोबर कडा इंटरलॉक करून घ्याव्यात किंवा कापड दुमडून आत दाबावे. गळ्याला तिरकी पट्टी लावून आतून हाताने हेम घालणे उत्तम. मशीनची टीप तिथे वरून दिसते आणि गळा ताठ होतो.

टक उसवायची वेळ येते तेव्हा आत दडलेले कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघते, कारण त्याला ऊन लागलेले नसते. हा फरक कमी राहावा म्हणून परकर उलटा करून सौम्य साबणाने वेगळा धुवावा आणि सावलीत वाळवावा. टकाची जुनी घडी ओलसर फडके ठेवून मध्यम गरम इस्त्रीने दाबली की बरीच मोडते. जी रेघ उरते, तिच्यावर घरोघरी बारीक गोट लावून घेतात.