तपासल्याशिवाय कळणार कसे?

1986 पर्यंत 'एड्स हा परदेशातला रोग, आपल्याकडे नाही' असाच बहुतेकांचा समज होता. त्या वर्षी मद्रासच्या (आजच्या चेन्नईच्या) वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी काही स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जमवले. वेल्लोरला ते तपासले, आणि काहींत एच.आय.व्ही. विषाणूची खूण सापडली! रोग आधीच आला होता. तपासणी तेवढी झाली नव्हती.

एकेका माणसाचेही असेच असते. हा विषाणू रक्तातील संरक्षक पांढऱ्या पेशींचा हळूहळू नाश करतो. पण कित्येक वर्षे बाहेरून काहीच दिसत नाही.

मग तो ओळखायचा कसा? विषाणू शिरला, की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. चाचणीच्या पट्टीवर विषाणूची प्रथिने लावलेली असतात. रक्तात प्रतिपिंडे असली, तर ती प्रथिनांना चिकटतात आणि रंगीत रेघ उमटते. मात्र एका रेघेवर निकाल देत नाहीत. वेगळ्या चाचण्यांनी खात्री करतात. प्रतिपिंडे तयार व्हायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून कधीकधी चाचणी पुन्हा करावी लागते.

लवकर कळले तर फायदा काय? रोज औषध घेतले, की विषाणूची वाढ थांबते आणि माणूस दीर्घकाळ निरोगी जगतो. रक्तात विषाणू सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला लागत नाही. उपचार नसतील, तर बाधित मातांच्या 100 बाळांपैकी 15 ते 45 बाळांना लागण होते. वेळेवर उपचार झाले, तर हे प्रमाण 5 च्या खाली येते.

सरकारी केंद्रांत चाचणी व औषधे मोफत मिळतात. 2017 च्या कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. तरीही लोक कचरतात, कारण भीती सुईची नसते, शेजाऱ्यांच्या कुजबुजीची असते.

मित्रहो, ती कुजबुज थांबवणे तुमच्या हाती आहे. हा विषाणू हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने पसरत नाही, हे घरी, वाडीत, चाळीत सांगा. चाचणी रक्ताची असते, चारित्र्याची नव्हे!